यादीतलं बाळ

२ डिसेंबर, मंगळवार

आज जेवताना मी एक वाक्य बोललो आणि तेव्हापासून घरात माझ्याशी कुणी बोलत नाही. वाक्य लिहून ठेवतो, कारण उद्या सुलभा त्याला मीठमसाला लावून सांगेल.

दुपारी आमच्या सुनेला, श्वेताला, हुबळीच्या संस्थेतून फोन आला. शुभंकरनं आणि तिनं तीन वर्षांपूर्वी मूल दत्तक घ्यायला नाव नोंदवलं होतं, त्यांचा नंबर लागला. मुलगी आहे, सव्वा वर्षाची. सत्तावीस तारखेला घरी आणायची. श्वेता फोनमधला फोटो सगळ्यांना दाखवत होती. सुलभानं तर चष्मा पदराला पुसून तीनदा पाहिला. फोन माझ्यासमोर आला तेव्हा मी म्हणालो, "कागदाशिवायचा माल मी एकतीस वर्षांत कधी आत घेतला नाही."

मी कारखान्यात क्वालिटी कंट्रोलला होतो. घरात असली वाक्यं मी नेहमीच बोलतो. सुनेनं केलेल्या पहिल्या पुरणपोळीलाही मी 'लॉट पास' म्हणालो होतो आणि ती हसली होती. आज ती ताट तसंच ठेवून उठली.

शुभंकर म्हणाला, "बाबा, तिचे सगळे कागद आहेत. आईवडिलांचे नाहीत, एवढंच."

माझं चुकलं काय? रक्ताचा, घराण्याचा विचार माणसानं करायचाच नाही का? पूर्वी ती सरकारी बाई घर बघायला आली होती, तेव्हा तिनं मला विचारलं होतं, तुमची संमती आहे का. मी म्हणालो होतो, माझी हरकत नाही. तेव्हा वाटलं, सरकारी काम, दहा वर्षं कुठं गेली नाहीत. ते लवकर होईल हे मला कसं कळावं?

४ डिसेंबर

पुण्याचं तिकीट काढलं, सव्वीस तारखेचं. तिथली माझी बहीण अंजली कधीची बोलावते आहे. शिवाय दाढेचं काम आहे आणि दाताचे डॉक्टर पुण्याचेच बरे. सुलभाला सांगितलं तर ती भाजी निवडता निवडता म्हणाली, "दाढ नाही दुखत तुमची. दुसरंच काहीतरी दुखतंय." मी विचारलं, काय? म्हणाली, "तुम्ही इंजिनिअर. शोधा."

सुलभाला एकच कळत नाही. मुलं मुलीला घेऊन येतील तेव्हा घरात एखादा नाखूष माणूस असण्यापेक्षा तो नसलेला बरा. मी त्यांच्याच सोयीसाठी जातोय.

७ डिसेंबर, रविवार

सकाळी जेसिंताबाई आल्या. आमची भिंत आणि त्यांची भिंत एकच. ही कॉलनी झाली तेव्हा के. आर. पुरमला रेल्वे फाटकापलीकडे नुसते द्राक्षांचे मळे होते, तेव्हापासूनचे आम्ही शेजारी. त्या मंगळूरच्या. त्यांची कोकणी आणि माझी सांगलीची मराठी यांचं चाळीस वर्षं बरं चाललंय, अडलंच तर कन्नड आहे. त्यांचे यजमान आल्बन माझ्याच कारखान्यात टूलरूमला होते. दर नाताळला ते व्हरांड्यात येशूजन्माचा गोठा मांडायचे, कॉलनीतली सगळी मुलं बघायला जायची. ते गेले त्याला दोन वर्षं झाली. दोन वर्षं गोठा नाही.

बाईंच्या हातात जुन्या वर्तमानपत्राची पुरचुंडी होती. "पुरुषोत्तमबाब, जुजेचो हात मोडला. बसयतात?"

जुजे म्हणजे योसेफ, मरियेचा नवरा. मातीची वीतभर मूर्ती, उजव्या हातात कंदील. हात कंदिलासकट मनगटापासून वेगळा. मी म्हटलं, सगळी पेटीच आणा, बाकीच्यांनाही तडे गेलेत का बघतो. काम करायचं तर नीट.

पेटी पुठ्ठ्याची, पण झाकणावर आतून आल्बनच्या हातची यादी, कन्नड लिपीत. टूलरूमचा माणूस. मला बरं वाटलं.

९ डिसेंबर

हात बसवला. अ‍ॅरल्डाइट लावून दोरीनं बांधून ठेवलाय, चोवीस तास हलवायचा नाही. आतून एक बारीक तार घातली आहे, म्हणजे पुन्हा तिथेच तुटणार नाही. मेंढपाळाच्या एका मेंढीचा कान आणि गाईचं शिंग किरकोळ. बाकी मूर्ती पुसल्या, जुना कापूस आणि कागद टाकून दिला, नवा कापूस आणला.

आज श्वेतानं चहा दिला. बोलली नाही, पण साखर बरोबर होती.

फ्रिजवर त्या मुलीचा फोटो लावलाय. दूध काढताना दार उघडावं लागतं, तेव्हा दिसतो. मी मुद्दाम बघितला नाही.

१० डिसेंबर

भयंकर गोष्ट झाली. आज मूर्ती पेटीत भरताना यादीशी ताडून पाहिल्या. जुजे १, मरिया १, राजे ३, मेंढपाळ ३, मेंढ्या ५, गाय १, गाढव १, देवदूत १. सगळं बरोबर. यादीत शेवटी लिहिलंय, बाळ १.

बाळ नाही.

गव्हाण आहे, लाकडाची, आल्बननंच केलेली असणार. रिकामी. सगळा कापूस पिंजून पाहिला. टेबलाखाली, कपाटामागे, दिवाणाखाली बॅटरी मारून पाहिलं. मग आठवलं. जुना कापूस आणि कागद मी काल स्वतः पिशवीत कोंबून कचऱ्याच्या गाडीत टाकला. त्या कापसात तो असणार. मी एकेक बोळा उकलून पाहिला नाही. एकतीस वर्षं लोकांना सांगत आलो की पॅकिंग टाकायच्या आधी तपासा.

मी त्यांचा देव कचऱ्यात टाकला. आणि तोही बाळ असलेला.

सुलभाला सांगितलं नाही. कुणालाच नाही. जेसिंताबाई बहिणीकडे मंगळूरला गेल्यात, वीस तारखेला येतील. तेवढ्यात काहीतरी केलं पाहिजे.

१३ डिसेंबर, शनिवार

मेट्रोनं मॅजेस्टिक, तिथून बदलून चिकपेट. शोभेच्या वस्तूंच्या घाऊक दुकानांची एक गल्ली आहे, नाताळचे तारे लोंबत होते म्हणून सापडली. बारीक मापं घ्यायचा व्हर्नियर खिशात होता. जुजेची उंची बावीस सेंटिमीटर, म्हणजे बाळ सात असायला हवं.

सहा दुकानं फिरलो. सगळीकडे एकच उत्तर, "सेट मात्र सार, सिंगल इल्ला." पूर्ण कुटुंब घ्या, सुटं मूल मिळत नाही. एकानं तर विचारलं, नुसतं बाळ घेऊन करणार काय? मी म्हणालो, हरवलंय. तो माझ्याकडे असा बघायला लागला की मी पुढं निघालो.

शेवटी एका बोळातल्या दुकानात म्हाताऱ्या मालकानं ऐकून घेतलं, माळ्यावर चढला आणि एक खोका घेऊन उतरला. त्यात मातीच्या खपल्या आणि एक बाळ. म्हणाला, "अम्मा, अप्पा एल्ला ओडेदु होय्तु सार. पापू ओब्बने उळिदिद्दाने." आईबाप फुटले, पोरगं एकटं उरलंय. तीन वर्षं पडून होतं म्हणे, टाकवत नव्हतं.

मोजलं. साडेनऊ सेंटिमीटर. रंगही वेगळा, आपल्या मूर्ती गोऱ्या आणि हे चांगलं गव्हाळ. नाकाची ठेवण निराळी. तपासणीत पहिल्याच टेबलावर नापासाची लाल पट्टी लागली असती. मी म्हणालो, "स्वल्प कमी करा." त्यानं पैसेच घेतले नाहीत. "सरी सार, कुणाच्या तरी घरी जाऊ दे."

पिशवी आणली होती, पण त्यात छत्री आणि पाण्याची बाटली. धक्का लागला असता. म्हणून हातातच धरून आणलं, के. आर. पुरमपर्यंत. शनिवारची गर्दी. एका मुलीनं उठून मला जागा दिली.

१४ डिसेंबर

ते बाळ माझ्या टेबलाच्या खणात आहे. रात्रीत दोनदा उघडून पाहिलं. गव्हाणीत ठेवून पाहिलं तर पाय बाहेर येतात. गव्हाण कानसून मोठी करावी का? पण आल्बनच्या वस्तूला हात लावायला मन घेत नाही.

दूध काढताना फोटो पाहिला. केस उभे, डावी मूठ तोंडात. कुणावर गेली हे विचारायची सोय नाही. श्वेता मागं उभी आहे हे मला कळलं नव्हतं. ती म्हणाली, "संस्थेत तिला पारू म्हणतात, बाबा. पार्वती. आम्ही तेच नाव कंटिन्यू करणार आहोत." मी "बरं" म्हणालो. निदान "छान" म्हणता आलं असतं.

१७ डिसेंबर

सुलभाशी वाद झाला. मी म्हणालो, मूल वाढवणं वेगळं आणि आपलं म्हणणं वेगळं. ती म्हणाली, "जन्मभर गोकुळाष्टमीला पाळणा हलवलात. आपला कृष्ण तरी कुणाच्या घरी वाढला? नंदानं कागद मागितले होते का?"

मी म्हणालो, ती गोष्ट वेगळी. "कशी?" म्हणाली. आणि सुंठवड्याचा डबा घासायला घेऊन गेली. सुंठवडा आत्ता कशाला, विचारलं. म्हणाली, "सत्तावीसला लागेल. तुम्ही नसाल, तुमचा वाटा ठेवीन."

२० डिसेंबर, शनिवार

जेसिंताबाई आल्या. पेटी घेऊन गेलो. त्यांनी आधी जुजेचा हात पाहिला, बोट फिरवून सांधा शोधला, सापडला नाही. खूश झाल्या. मग मी खिशातून ते चिकपेटचं बाळ काढून टेबलावर ठेवलं आणि सगळं सांगून टाकलं. कापूस, कचऱ्याची गाडी, सहा दुकानं. म्हणालो, "जेसिंताबाई, माझ्या हातून तुमचा बाळ जेजू कचऱ्यात गेला. मला माफ करा." एकाहत्तराव्या वर्षी शेजारणीसमोर रडायची पाळी.

बाई खुर्चीचा हात धरून हसायला लागल्या. आत गेल्या, साड्यांच्या कपाटातून एक रुमाल आणला. रुमालात बाळ. सात सेंटिमीटर, गोरं.

त्यांच्यात चोवीस तारखेआधी बाळ गोठ्यात ठेवत नाहीत. जन्मलंच नाही तर ठेवणार कसं? तोवर गव्हाण रिकामी. यादीत असलं तरी पेटीत ते कधीच नसतं. चाळीस वर्षं शेजारी राहून मला हे माहीत नव्हतं. घरी सुलभाला सांगितलं तर ती म्हणाली, "काखेत कळसा आणि गावाला वळसा. तोही चिकपेटपर्यंत!" पण हे नंतरचं.

मी ओशाळून चिकपेटचं बाळ उचलायला गेलो. परत देऊन येतो म्हणालो. जेसिंताबाईंनी माझा हात धरला. "आतां आयला न्हय? ताका खंय धाडटलें?" आलाय ना आता, कुठं पाठवणार त्याला?

म्हणाल्या, यंदा हाच झोपेल गव्हाणीत. आल्बनचा राहू दे साड्यांत, थकला असेल तोही.

मी मापाचं सांगितलं. रंगाचंही. त्या म्हणाल्या, जुजेनं कुठं माप घेतलं होतं? मूल त्याचं नव्हतंच. मला ही गोष्ट अर्धवटच ठाऊक होती. मरियेला दिवस गेलेत आणि मूल आपलं नाही हे कळल्यावर त्यानं ठरवलं होतं की बोभाटा न करता, तिला त्रास न देता, गुपचूप बाजूला व्हायचं. सज्जन माणूस होता, म्हणून गुपचूप. मग स्वप्नात देवदूत आला, म्हणाला, भिऊ नकोस. आणि तो झोपेतून उठून तिला घरी घेऊन आला. सगळ्या पुस्तकात त्याच्या तोंडी एक शब्द नाही, जेसिंताबाई म्हणाल्या. ऐकतो, उठतो, करतो.

मी म्हणालो, कमी बोलणारा माणूस दिसतो. माझ्यासारखा. बाईंनी बशीभर नेवऱ्या दिल्या, म्हणजे आपल्या करंज्याच. गूळ जरा जास्त होता.

२३ डिसेंबर

पुण्याला न्यायची बॅग भरायला घेतली. दोन शर्ट ठेवले आणि बसून राहिलो. गुपचूप बाजूला व्हायचं. तो शब्द डोक्यातून जात नाही.

मी त्यांच्या सोयीसाठी चाललोय असं वर लिहिलंय. वाचून पाहिलं. खोटं आहे. मला भीती वाटते. ती माझ्याकडे बघून रडली तर? मला तिच्याबद्दल काही वाटलंच नाही तर? सुहास गेला तेव्हा, शुभंकरच्या आधीचा आमचा मुलगा, अकरा दिवसांचा, मी दवाखान्याचा कागद सही करून घेतला आणि दुसऱ्या दिवशी कामावर गेलो. सुलभा एकटी रडली. तेव्हापासून लहान मूल समोर आलं की मी मागं सरतो आणि काहीतरी विनोद करतो. हे मी याआधी कुठं लिहिलेलं नाही.

२४ डिसेंबर, बुधवार

जेसिंताबाईंच्या चर्चमध्ये वयस्करांसाठी संध्याकाळी लवकर मिस्सा असतो. तिथून आल्यावर त्यांनी आम्हा दोघांना बोलावलं. व्हरांड्यात गोठा मांडलेला, वर कागदी चांदणी, खाली नाचणीचे कोवळे अंकुर पेरलेले, आपल्या नवरात्रातल्या धान्यासारखे. कॉलनीतली पाच-सहा मुलं दाटीवाटीनं बसलेली. बाळ घरातल्या मोठ्या पुरुषानं ठेवायचं असं आल्बन म्हणायचे. बाईंनी रुमाल माझ्या हातात दिला.

मी म्हणालो, मी कसा? मी तुमच्यातला नाही. त्या म्हणाल्या, "आणलात तुमीच."

ठेवलं. पाय बाहेर आलेच. गव्हाळ अंग, एका बाजूला गोरी आई, दुसऱ्या बाजूला जुजे. त्याचा हात माझ्या तारेवर तोललेला, कंदील बरोबर बाळाच्या तोंडावर. एक मुलगा म्हणाला, "अंकल, बेबी दोड्डदु!" बाळ मोठं आहे. दुसरी म्हणाली, "सो व्हॉट?" झालं, प्रश्न मिटला.

मुलं गाणं म्हणत होती आणि मी त्या मातीच्या माणसाकडे बघत होतो. देवाला जगात यायचं होतं तर हजार रस्ते होते. त्यानं स्वतःला एका अशा माणसाच्या हवाली केलं की ज्याच्याकडे नाही म्हणायला सबळ कारण होतं. त्या माणसाच्या हो म्हणण्यावर सगळं अडलेलं. मी रोज अथर्वशीर्ष म्हणतो, देव सर्वशक्तिमान वगैरे. पण देव कुणाच्या तरी दाराशी, आत घेता का म्हणून थांबतो, हे मला कधी सुचलं नव्हतं. नंदाच्याही दाराशी तेच होतं. पाळणा हलवताना मी फक्त दोरीकडे पाहिलं.

आणि माझं ते 'हरकत नाही'. जुजे गप्प होता, मीही गप्प होतो, म्हणून मी स्वतःला त्याच्यासारखा म्हणालो. तो उठला होता. मी तिकीट काढलं.

२५ डिसेंबर

तिकीट रद्द केलं. शुभंकरनं विचारलं, दाढेचं काय? म्हटलं, बरी झाली.

श्वेताशी बोलायचं होतं. ती छोटे छोटे कपडे धुऊन दोरीवर घालत होती. मी चिमटे धरून उभा राहिलो. एकेक देत गेलो. चिमटे संपले, शब्द आले नाहीत. ती "थँक्स बाबा" म्हणून आत गेली.

२७ डिसेंबर, शनिवार

सगळं जसं झालं तसं लिहितो.

संध्याकाळी सहाला शुभंकरचा फोन आला, पोचतोच. त्याच वेळी कॉलनीची वीज गेली. सुलभा भाकरतुकडा आणि पाण्याचा तांब्या घेऊन दारात उभी राहिली, मी मोठी बॅटरी घेऊन फाटकात. जेसिंताबाई त्यांच्या पायरीवर.

गाडी आली. शुभंकर सामान काढायला लागला. श्वेता मुलीला घेऊन उतरली आणि फाटकाबाहेरच थांबली. सुलभाला वाटलं, ओवाळायची वाट बघतेय. मला कळलं. ती माझ्याकडे बघत होती. त्या वाक्याकडे बघत होती. मुलगी तिच्या खांद्यावर, मूठ तोंडात, डोळे टक्क उघडे.

मी फाटक उघडलं. म्हणालो, "श्वेता, त्या दिवशी मी बोललो ते फार वाईट होतं. तुला लागलं. मला माफ कर. आत आण तिला. माझी नात आहे ती."

श्वेताचं तोंड वेडंवाकडं झालं. तिनं मुलीलाच माझ्याकडे दिलं. मला विचारलं नाही, तयार आहात का. एका हातात बॅटरी, दुसऱ्यात पारू. वजन साधारण साडेआठ किलो. मी मोजलं नाही, असाच अंदाज. ती रडली नाही. बॅटरीच्या उजेडाकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि तोंडातली ओली मूठ काढून माझ्या चष्म्यावर ठेवली. मला पुढचं काही दिसेना. सुलभा भाकरतुकडा ओवाळत म्हणत होती, "अहो, उजेड इकडे धरा, इकडे!" आणि मी तसाच उभा होतो. रडत होतो, हेही लिहितो.

६ जानेवारी, मंगळवार

तीन राजांचा सण झाला, जेसिंताबाईंचा गोठा उतरवला. मी आणि श्वेता भरायला गेलो, पारू कडेवर. एकेक कापसाचा बोळा उकलून पाहिला. चिकपेटचं बाळ पारूनं धरून ठेवलं होतं, डोकं चोखत होती. कसंबसं सोडवलं. आल्बनच्या बाळाशेजारी त्याच रुमालात ठेवलं, साड्यांत.

जेसिंताबाईंनी झाकण पुढं केलं. म्हणाल्या, यादी दुरुस्त करा, तुमचं अक्षर बरं आहे. मी 'बाळ १' मधला एक खोडला आणि दोन केला. कारखान्यात ड्रॉइंगवर कुठलाही बदल केला तर सही, तारीख आणि कारण लागायचं. सवयीनं सही केली, तारीख घातली.

श्वेता वाकून बघत होती. म्हणाली, "बाबा, रीझन लिहिलं नाही? तुमच्याकडे कम्पल्सरी असतं ना?"

मी पेन पुन्हा उघडलं. तारखेखाली लिहिलं, "घरी आलं, म्हणून."